वरची मूठ

पाय दुखतो म्हणून धावत दवाखान्यात आलेला पेशंट मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. घाईघाईने आलेला असं म्हणत नाही मी, खरोखर धावत. सेलूला एस.टी. चुकली, तर ही बाई पिशवी पाठीला बांधून वर्ध्याच्या रस्त्याला लागली आणि वर्धा ओलांडून सावंगीला, माझ्या फिजिओथेरपी विभागाच्या दारात येऊन थांबली. घामाने निथळत होती, पण श्वास मात्र माझ्यापेक्षा बरा. मी नुकतीच एक जिना चढून आले होते.

"काऊन? दुसरी गाडी नव्हती?" मी विचारलं.

"होती नं. तासाभरानं होती. थे पोचतवर मी बी पोचतो, म्हटलं."

"आणि दुखतंय काय?"

तिने डाव्या नडगीवर बोट ठेवलं. "हे. पळलं का दुखते."

मी कपाळावर हात मारून घेतला. हीच कुंदा उगेमुगे. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि तिची पंचविशी. रंग उन्हाने करपलेला, अंगावर मांस म्हणून नाही, दोन घट्ट वेण्या आणि माणसाकडे रोखून बघायची सवय. केसपेपरवर व्यवसाय काय लिहू म्हणून आमच्या क्लार्कने विचारलं, तर म्हणाली, "पळनं." तो हसला. ती हसली नाही. खेळाडूंच्या कोट्यातून तिला नागपूरला सरकारी नोकरी होती, हजेरी लावून उरलेला दिवस मैदानावर. शिवाय विदर्भात कुठेही रस्त्यावरची शर्यत असली की ही तिथे पहिली किंवा दुसरी. म्हणजे खरंच व्यवसाय पळणं हाच होता. क्लार्कने मुकाट्याने लिहिलं.

"तुला नक्की काय हवंय?" मी तिला विचारलं. पेशंटला हे विचारते मी. कुणाला नमाजासाठी गुडघा हवा असतो, कुणाला जिना चढायचा असतो.

"मले इंडियाची बनियन पाह्यजे," ती म्हणाली. "दहा हजार मीटरमंधी. एक डाव."

मी वर्ध्याच्या कापड दुकानदाराची मुलगी. तोंडाने फटकळ. पेशंट मला घाबरतात आणि मला ते आवडतं. कुंदा एक दिवसही घाबरली नाही. त्या दिवशी तिच्या पायाचा एक्स-रे फोटो काढला तो स्वच्छ निघाला. मी तिला बजावलं, "बाई गं, हाडाला बारीक चीर गेली असेल तर ती सुरुवातीला फोटोत दिसत नाही. तीन आठवडे पळायचं नाही." ती "हव मॅडम" म्हणाली. तिच्या 'हव'चा अर्थ 'ऐकलं' एवढाच असतो, 'मानलं' असा नसतो, हे मला फार उशिरा कळलं. फोटो स्वच्छ आहे, एवढंच तिने कानात ठेवलं आणि संध्याकाळी पळायला गेली. महिन्याभराने लंगडत परत आली, तेव्हा फोटोत चीर स्पष्ट दिसत होती.

मग मी तिला समोर बसवून झडती घेतली. नागपूरचे तिचे कोच चांगले होते, मी त्यांच्याशी फोनवर बोलले होते. त्यांनी आखून दिलेला सराव कडक होता, पण वेडा नव्हता. मग हाड का चिरलं?

"कोच सांगतात तेवढंच पळतेस?"

"थे सांगते थे बरोबर सांगते."

"तेवढंच पळतेस का, ते सांग."

"तेवढं पळतो," ती शांतपणे म्हणाली, "अन मंग वरची मूठ टाकतो."

तिची माय सेलूजवळच्या हिंगणी गावात राहायची. घरची थोडी वाडी होती, आणि माय सेलूच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. कुंदा लहानपणापासून तिच्या शेजारी गोणपाटावर वाढली. तराजूचे दोन्ही पल्ले बरोबर आले, की माय वरून एक मूठभर मिरच्या किंवा चार वांगी गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकायची. कुंदा मला समजावून सांगायला लागली, "तराजू बरोबर झाला म्हंजे माप झालं मॅडम, सौदा नाई झाला. वरून मूठ पडली का सौदा. नेमकं मोजनाऱ्याकडं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाई." कोचने सांगितलेलं म्हणजे तराजूतलं. त्याच्या वर दोन फेऱ्या, चढावरची एक जादा खेप, सुट्टीच्या दिवशी बोर धरणापर्यंत 'हळूच' जाऊन येणं, ही तिची मूठ. त्याशिवाय बरकत नाही, असं तिचं पक्कं मत होतं.

माझी पंचाईत अशी झाली, की मला ते लगेच पटलं. आमच्या दुकानात कापड मोजून झाल्यावर चार बोटं जास्त सोडून कात्री लावायची पद्धत होती. बाबा म्हणायचे, कात्री कंजूष असली की दुकान बसतं. दुकानदाराच्या पोरीने ह्या पोरीला कुठल्या तोंडाने सांगायचं?

"अगं, गिऱ्हाइकाला मूठ देतात ती ढिगातून देतात," मी म्हटलं. "तुझा ढीग कुठाय? काय खातेस?"

तेव्हा कळलं की बाईसाहेबांचा सोमवार असतो, गुरुवार असतो, चतुर्थी असते. साबुदाण्याच्या चार दाण्यांवर पहाटे चढ मारून यायची. दार लावून घेऊन मी हळूच पाळीचं विचारलं. "दीड साल झालं, येत नाई," ती म्हणाली. "बरं हाय. कटकट नाई." मी दहा मिनिटं तिला फैलावर घेतलं. पाळी थांबणं म्हणजे शरीराने दुकानाचं शटर खाली ओढणं. हाडांना माल पोचत नाही. पोचला नाही की हाड चिरतं. सगळं नीट ऐकून घेऊन ती म्हणाली, "हव मॅडम."

तरी पहिल्या वेळी हाड जुळलं. पावसाळाभर मी तिच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या, तिने माझ्या. भारताच्या संघाची निवड चाचणी हिवाळ्यात होती. श्रावण संपता संपता ती पळायला लागली, फोटोत चीर भरून आलेली दिसली, आणि मी मनाशी म्हटलं, जमलं बुवा. मग नवरात्र आलं.

दसरा झाल्यावर ती आली ती कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून. डावा पाय टेकवत नव्हती. मी तिचे तळवे पाहिले. भेगा, फोड, खडे रुतलेले.

"हे काय गं?"

"मायनं नवस बोलला होता. पाय बरा झाला तं पोरगी नऊ दिवस अनवानी राहीन अन रोज देवीच्या टेकडीवर येईन." तिने जरा थांबून खुलासा केला, "पाय बरा झाला ना मॅडम. मंग फेडा लागते."

पाय बरा व्हावा म्हणून बोललेला नवस! हसू की रडू, कळेना. पण खरी गंमत पुढेच होती. "मग नऊ दिवस सराव बंद ठेवलास ना?" मी विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. चाचणी तोंडावर आलेली असताना सराव कसा बंद ठेवायचा? पायात चप्पल घालायची नाही म्हणजे बूटही घालायचा नाही. म्हणून ही पोरगी रजा काढून नऊ दिवस बोरच्या मुरमाच्या रस्त्यावर अनवाणी पळत होती. देवीला फक्त टेकडी कबूल केली होती. पळायला देवीने सांगितलं नव्हतं. ती वरची मूठ.

ह्या वेळची चीर आधीच्यापेक्षा मोठी होती. चाचणी गेली. फोटो पाहून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला तिचा इतका राग आला होता, की तिला जवळ घ्यावं हे सुचलंही नाही.

पुढच्या रविवारी मी हिंगणीला गेले. तिच्या मायला झापायला, दुसरं काही नाही. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. सुभद्राबाई अंगणात गोणपाट टाकून सोमवारच्या बाजारासाठी वांगी निवडत बसल्या होत्या. कुंदा बाजेवर, कुबडी शेजारी, भुईमुगाच्या शेंगा फोडत. मी चहाही नको म्हटलं आणि सरळ सुरू झाले. तुमच्या नवसाने पोरीचा पाय मोडला, वर्ष गेलं, आणखी एकदा असं झालं तर पळणं विसरा, बनियन विसरा. तोंडाचा पट्टा चांगला चालला होता.

बाईंनी मला पुरतं बोलू दिलं. मग किडकं वांगं बाजूला टाकत म्हणाल्या, "डॉक्टरीनबाई, थे तुमचं आयकते का?"

"नाही," मी म्हटलं. "ऐकलं असतं तर ही वेळ आली असती का?"

"माहं बी आयकत नाई. त्या नागपूरच्या सरांचं आयकत नाई." त्या उठल्या, पदराला हात पुसले. "देवीचं आयकते."

आणि त्या आत गेल्या. आम्ही दोघी दारातून बघतोय. भिंतीच्या कोनाड्यातल्या देवीपुढे दिवा लावला, हळदकुंकू वाहिलं आणि अंगणात ऐकू येईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माय, माही पोरगी होळीपर्यंत पळनार नाई. हे डॉक्टरीनबाई सांगन तेवढंच करन. त्याच्या वर एक पाऊल टाकलं, तं मी जिती असेपर्यंत तुह्या टेकडीवर पाय ठेवनार नाई. अन तिचे समदे उपास आजपासून माह्या आंगावर."

"माय!" कुंदा बाजेवरून ओरडली. शेंगा अंगणभर झाल्या. "मले इचारलं काऊन नाई?"

"तुले इचारून नवस बोलतात काय वं?" बाई बाहेर आल्या आणि पुन्हा वांग्यांपुढे बसल्या.

बाईंचे स्वतःचे उपास होतेच. त्यात पोरीचे सोमवार, गुरुवार, चतुर्थ्या. मी न राहवून विचारलं, "अहो, मग तुम्ही जेवणार कधी?"

"मले कोनती शर्यत पळा लागते?" त्या म्हणाल्या. "आता च्या घ्या."

मी चहा घेतला. जुळवून आणलेली निम्मी वाक्यं तशीच राहिली.

त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत मी जो निश्चय पाहिला तसा कुठल्याही मैदानावर पाहिला नाही. धावणाऱ्याची जिद्द सगळ्यांना दिसते, लोक टाळ्या वाजवतात. न धावणाऱ्याची जिद्द बाजेवर असते. नोकरीतून रजा काढून ती मायपाशीच राहिली. मी व्यायाम सांगितले. पंधरा वेळा म्हटलं की पंधरा, सोळावा नाही. सायकल अर्धा तास म्हटलं की घड्याळ बघून उतरायची. सकाळी भाकरी, दूध, तिळाची चटणी, दुपारी पुन्हा भाकरी. माय समोर उपाशी बसून वाढायची आणि ही खाली मान घालून खायची. तो घास गिळणं पळण्यापेक्षा जड होतं, असं तिनेच मला सांगितलं. पण पानात टाकलं नाही.

एकदाच मोडली. थंडीचे दिवस होते, व्यायाम झाल्यावर टेबलावर बसून होती आणि एकदम हुंदके देऊन रडायला लागली. "पळताना वाटते का आता मरतो. पन न पळता मी रोज मरून राह्यलो, मॅडम. पोट्ट्या पुढं निघून गेल्या." मी पाण्याचा ग्लास दिला. ह्या वेळी तिला जवळ घ्यायचं सुचलं मला. नाक पुसून ती म्हणाली, "पन मायनं बोललं ना. मंग झालं." आणि उतरून चालायला लागली.

होळी झाली. पहिल्यांदा तिला मी दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत पळवलं, पाच मिनिटं. पाच मिनिटांनी थांब म्हटल्यावर ती थांबली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून आभाळाकडे बघत उभी राहिली. पुढचे कित्येक महिने आम्ही एकच धडा गिरवला: कोणतं दुखणं सोसायचं आणि कोणतं नाही. माझ्या पुस्तकी भाषेत मी तिला ते शंभरदा सांगितलं असेल. शेवटी तिने ते स्वतःच्या भाषेत करून घेतलं. "मांस बोंबलते, मॅडम, अन हाड बोलते. बोंबलनाऱ्याकडं ध्यान नाई द्यायचं. बोलनाऱ्याचं आयका लागते." तेव्हापासून मी माझ्या सगळ्या खेळाडू पेशंटना हेच सांगते आणि स्वतःचं म्हणून खपवते. एक दिवस ती कॉरिडॉरमध्ये मला बाजूला ओढून कानात म्हणाली, "पाळी आली." चेहरा असा फुललेला, हातात पेढ्यांचा पुडा तेवढा नव्हता.

पुढची चाचणी भोपाळला होती. मी रजा टाकून गेले. फिजिओथेरपिस्टने जायची काही गरज नसते, पण गेले. पंचवीस फेऱ्या, पहिल्या दोघींना संधी. कुंदा बराच वेळ चौथी होती, मग तिसरी, आणि उन्हं तिरपी व्हायला लागली तेव्हा तिने एका वळणावर केरळच्या मुलीला सहज मागे टाकलं. दुसरी! मी बाकावर चढून उभी राहिले होते. वय, पद, सगळं विसरून ओरडत होते. पाच-सहा फेऱ्या उरल्या असतील. आणि कुंदा ट्रॅक सोडून आत गवतावर गेली आणि खाली बसली.

"ऊठ!" मी किंचाळले. "कुंदे, पळ! अगं पळ ना!"

हे मी. जिने दोन वर्षं 'थांब, थांब' म्हणून घसा कोरडा केला होता, ती. आजूबाजूची माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी पायऱ्या उतरून, कुणाला तरी ढकलून, तिच्यापाशी पोचले तेव्हा ती बुटाची नाडी सोडत होती. मागून बाकीच्या पोरी धपधप करत जात होत्या.

"काय झालं?"

"हाड बोललं," ती म्हणाली.

"अगं, थोड्याच तर फेऱ्या होत्या!"

"थोड्या होत्या म्हनूनच थांबलो. थोड्यासाठीच मोडते ना माहा पाय." ती डोळे पुसत होती, पण आवाज हलला नाही.

"तुझ्या मायच्या नवसाने तुला चांगलंच भित्री करून ठेवलंय," मी रागाने बोलून गेले.

तिने मान वर केली. "मायचा नवस होळीलेच संपला, मॅडम. हे माह्या मनानं थांबलो."

मी तिथंच तिच्या शेजारी गवतावर बसले. शेवटची फेरी झाली, केरळच्या मुलीने दुसरा नंबर काढला, सगळे टाळ्या वाजवत होते. कुंदानेही वाजवल्या.

वर्ध्याला परत येऊन फोटो काढला, नागपूरहून मोठी तपासणी करून घेतली. हाडावर नुसता ताण होता, चीर नव्हती. आणखी पाच फेऱ्या पळाली असती तर चिरलं असतं, ह्यात मला तीळमात्र शंका नाही. तिला जेमतेम तीन आठवडे थांबावं लागलं, आणि ते थांबायला तिला ना माझा दम लागला ना देवीचा. पुढचं अख्खं वर्ष ती एकही दिवस दुखण्याने घरी बसली नाही. कोचने दहा फेऱ्या म्हटल्या की दहा. तिच्या सोबतच्या पोरी जास्त पळायच्या, तिला टोमणे मारायच्या. ही चपला घालून घरी जायची. त्या वर्षीच्या चाचणीत ती दुसरी आली. मी नव्हते गेले. माझ्या ओरडण्याचा तिला उपयोग नाही हे कळून चुकलं होतं. तिने रात्री एस.टी.डी. बूथवरून फोन केला आणि फक्त म्हणाली, "भेटली, मॅडम." मी फोन ठेवून घरभर नाचले.

निवड झाली ती परदेशातली शर्यत कुणाच्या लक्षात नाही. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यात नावही चुकीचं. कुंदा अकरावी आली. तिच्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या वेळेत अकरावी.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी, ओ.पी.डी. गच्च भरलेली असताना ती माझ्या दारात उभी. आधी मला बनियनीचं विचारायचं होतं. "ढिली होती," ती म्हणाली. "गड्याच्या मापाची देल्ली. दोन्ही खांद्याले पिना मारून पळलो." आणि खळखळून हसली. इतकी मोकळी हसताना मी तिला प्रथमच पाहत होते.

मग मला न सांगताच ती टेबलावर चढून बसली आणि सलवार गुडघ्यापर्यंत वर सरकवली. म्हटलं, झालं, पुन्हा. मी तिच्या नडगीवर अंगठा ठेवला आणि गुडघ्याखालून दाबत दाबत खाली यायला लागले.

"इथे दुखतं?"

"नाई."

"इथे?"

"नाई."

घोट्यापर्यंत आले. पुन्हा वर गेले. दुसरा पाय पाहिला. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"मग कुठे दुखतंय?" मी वैतागून विचारलं. "बाहेर रांग बघ. आलीस कशाला?"

"दाखवाले," कुंदा म्हणाली. "तुमी माहा पाय दरवेळी दुखताच पाह्यला, मॅडम. नाई दुखत तवा कसा राह्यते, थे बी पाहून घ्या, म्हटलं."

मी पाहिला. बराच वेळ तो पाय तसाच हातात धरून बसले. बाहेरून कुणीतरी विचारलं, अजून किती वेळ लागेल, तर आतून मी ओरडून सांगितलं, "लागेल जरा."